चारशे पाकिटांत एक पाकीट

फोन आला तेव्हा आई तूर निवडत बसली होती. पलीकडून पुण्याचे दुकानदार बोलत होते. "ताई, डाळीला नाव ठेवायला जागा नाही, पण पाकिटं कमी भरतात. पाच मोजली, सरासरी ९८८ ग्रॅम आली. हे नीट झाल्याशिवाय पुढचा माल पाठवू नका." आईनं "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ सुपातल्या तुरीवरून नुसता हात फिरवत राहिली.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ते जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसलं. ओळीनं घरं, रुंद रस्ते आणि मधे समाजमंदिर. त्या समाजमंदिरात आईच्या बचत गटाचं काम चालतं. बारा जणी आहेत. घरचीच बीडीएन ७११ या वाणाची पांढरी तूर, छोट्या मिलवर डाळ करून आणायची आणि एकेक किलोच्या पाकिटात भरायची. लातूरच्या डाळीचं नाव देशभर आहे, पण ते मोठ्या मिलांचं. बारा बायकांच्या डाळीला पुण्यातल्या एका दुकानात फळीवर जागा मिळाली, ही आमच्या गावात पेढे वाटण्याची गोष्ट होती. ६०० पाकिटं भरून झाली होती. त्यातली २०० पुण्याला गेली होती, ४०० समाजमंदिरात खोक्यांत पडून होती.

मी तेव्हा लातूरला बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला होते, विषय संख्याशास्त्र. समष्टीच्या, म्हणजे ज्याबद्दल प्रश्न आहे त्या अख्ख्या ढिगाच्या, सरासरीबद्दलची परिकल्पना, म्हणजे आधी धरून चाललेलं विधान, तपासण्याची गणितं मी परीक्षेत पैकीच्या पैकी सोडवली होती. त्या गणितांत आकडे आयते दिलेले असतात. नमुना कुठून आला, कुणी निवडला, कोणत्या काट्यावर मोजला, यातलं काहीच विचारायचं नसतं. एप्रिलात सुट्टीला घरी आले आणि आईचा चेहरा पाहून म्हटलं, हे तर माझ्याच विषयाचं काम आहे. एका दिवसात सांगते.

त्या एका दिवसाचे पुढे तीन आठवडे झाले.

गटाचा काटा ३० किलोचा आहे. तो पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, म्हणून मी वहिनीचा केकचा काटा घेतला. तो एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. समाजमंदिरात गेले, दाराजवळच्या खोक्यातली वरची दहा पाकिटं काढली आणि मोजली. रिकामं पाकीट किती भरतं ते एकट्यानं नीट कळेना, म्हणून दहा रिकामी पाकिटं एकत्र ठेवली. ८४ ग्रॅम भरली, म्हणजे एक ८.४ ग्रॅमचं. ते वजा करून दहाची सरासरी आली १००१.४ ग्रॅम, प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, ३.१. टी काढला, म्हणजे हजारापासूनचा फरक सरासरीच्या अपेक्षित चढउताराच्या किती पट आहे ते. ३.१ भागिले दहाचं वर्गमूळ, तो चढउतार ०.९८. १.४ भागिले ०.९८, म्हणजे १.४३. नऊ डिग्री ऑफ फ्रीडमला, म्हणजे नमुन्यापेक्षा एक कमी, ५ टक्के पातळीवर तक्त्यातली किंमत २.२६२. आपला टी त्याच्या खूप आत. नल हायपोथेसिस, म्हणजे पुस्तकी मराठीत शून्य परिकल्पना, 'सरासरी १००० ग्रॅम आहे', ती नाकारता येत नव्हती.

मी आईला म्हणाले, "आपलं माप बरोबर आहे. सिद्ध झालं." आई लगेच फोन लावायला निघाली होती. का कोण जाणे, मी तिला म्हटलं, उद्या लाव. संध्याकाळी आमच्या सरांना वहीच्या पानाचा फोटो पाठवला.

सरांचा फोन आला. त्यांनी गणिताबद्दल काही विचारलंच नाही. विचारलं, "ही दहा पाकिटं कुठली?"

"दाराजवळच्या खोक्यातली, सर."

"ती कुणी भरली होती?"

मला माहीत नव्हतं. आईला हाक मारून विचारलं. ती म्हणाली, "दाराजवळचं खोकं? ते माझंच की. शेवटच्या दिवशी मीच भरलं."

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सर म्हणाले, "तू चारशे पाकिटांबद्दल प्रश्न विचारला आणि उत्तर घेतलंस एका माणसाच्या हाताबद्दल. आणि दुसरं, 'सिद्ध झालं' हा शब्द खोड. नाकारता आलं नाही, एवढंच झालंय. पुरावा अपुरा पडला म्हणून आरोपी सुटतो, तेव्हा तो निर्दोष होता असं कोर्टसुद्धा म्हणत नाही."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आईनं दुपारीच फोन लावला असता आणि "आमच्या पोरीनं शास्त्रानं तपासलंय" असं त्या माणसाला सांगितलं असतं, तर माझ्या विषयाच्या नावावर एक खोटी गोष्ट गेली असती. गणितात चूक शून्य आणि उत्तर मात्र खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी काट्याला हातसुद्धा न लावता. सरांनी बजावलं होतं की पाकिटं मोजण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून खाली तारीख टाक: समष्टी कोणती, परिकल्पना कोणत्या, सार्थकता पातळी, म्हणजे खरी परिकल्पना चुकून नाकारण्याचा किती धोका पत्करायचा, ती किती आणि नमुना केवढा. आकडे बघून मग या गोष्टी ठरवल्या की आकडे आपल्याला हवं तेच म्हणायला लागतात.

समष्टी म्हणजे समाजमंदिरातली ४०० पाकिटं. पुण्याला गेलेली २०० त्यात नव्हती. हे लिहिताना मला जड गेलं, कारण भांडण तर त्या दोनशेंचंच होतं. पण ती हातात नव्हती. त्याच हातांनी, त्याच काट्यावर, त्याच आठवड्यात भरली होती, एवढ्या भरवशावर इथलं उत्तर तिथं लावता आलं असतं. पण तो भरवसा चाचणीनं दिलेला नव्हता, आमचा होता, आणि तसं मी कागदावर लिहिलं.

पर्यायी परिकल्पना ठरवताना मी सरळ 'सरासरी १००० पेक्षा कमी' लिहायला निघाले होते. तक्रार कमी भरण्याची होती, तेव्हा एका बाजूची चाचणी. आई शेजारी बसून डाळीतले खडे काढत होती. तिनं विचारलं, "जास्त भरत आसंल तर ते कळंल का ह्यात?" मी म्हटलं, नाही, ते आपण तपासतच नाही. ती म्हणाली, "मग कसं चालंल? कमी गेलं तर गिऱ्हाइकाचं जातंय, जास्त गेलं तर बारा जणींच्या घरचं. दोन्हीकडून बघ."

पुस्तकात एका बाजूची की दोन बाजूंची, हे प्रश्नातल्या शब्दांवरून ओळखायला शिकवतात. 'कमी' असेल तर डावी बाजू, 'वेगळं' असेल तर दोन्ही. आईच्या वाक्यानं मला पहिल्यांदा कळलं की हा निवाडा नुकसान कुणाकुणाचं होऊ शकतं यावरून करायचा असतो. मी 'कमी' खोडून 'बरोबर १००० नाही' असं लिहिलं.

सार्थकता पातळीवर मी जास्त वेळ घालवला. पहिल्या प्रकारची चूक म्हणजे माप खरं असताना ते खोटं ठरवणं. तसं झालं असतं तर गटातल्या बायकांवर उगाच बोट उठलं असतं, नवा काटा घ्यावा लागला असता. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे माप खोटं असताना ते न सापडणं. तसं झालं असतं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला थोडी थोडी डाळ कमी जात राहिली असती, कुणाला न कळता. मला दुसरी चूक जास्त वाईट वाटली. म्हणून पातळी १ टक्क्यापर्यंत कडक केली नाही, ५ च ठेवली, आणि नमुना वाढवला. सरासरीत ३ ग्रॅमचा फरक असेल तर तो शंभरातून नव्वद वेळा तरी सापडावा असं ठरवलं. विचलन चारेक ग्रॅम धरलं. आईच्या पाकिटांचं ३.१ होतं, पण बारा जणींच्या हातांत फरक जास्त असणार. हिशेब १९ च्या आसपास आला. सिग्मा, म्हणजे समष्टीचं विचलन, आपल्याला माहीत नाही, तो नमुन्यातूनच काढायचा, त्याची किंमत म्हणून थोडी वाढवून २५ घेतली.

सिग्मा माहीत नसताना लहान नमुन्यावर काय करायचं, हा प्रश्न ज्यानं सोडवला तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्यापुढं बार्लीच्या चाचण्या होत्या, आणि अशा चाचण्या शेकड्यांनी करता येत नाहीत. त्यानं १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात लेख छापला, तो 'स्टुडंट' या टोपणनावानं. म्हणून आजही त्याला स्टुडंटची टी म्हणतात. धान्याच्या मूठभर निरीक्षणांतून निघालेली ही रीत शंभराहून जास्त वर्षांनी आमच्या समाजमंदिरात पुन्हा धान्यावरच चालवायची होती, याचं मला त्या दिवसांत फार अप्रूप वाटत होतं.

मग पाकिटं निवडायची. खोकी १६, प्रत्येकात २५ पाकिटं. खोक्यांवर खडूनं आकडे टाकले आणि १ ते ४०० असे क्रमांक धरले. कॅल्क्युलेटरवर रँडमचं बटण दाबलं की ०.००० ते ०.९९९ मधला आकडा येतो. ०.२३७ आला तर २३७ वं पाकीट, म्हणजे दहाव्या खोक्यातलं बारावं. ४०१ ते ८०० आला तर ४०० वजा करायचे. त्यापुढचे आणि तीन शून्यं आली तर सोडून द्यायचं. तोच क्रमांक पुन्हा आला तरी सोडायचा.

गटातल्या काकू, मावश्या भोवती जमल्या होत्या. मला वाटलं होतं, हे सगळं त्यांना समजावून सांगावं लागेल. पण सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "पीक कापणीवानीच की हे. साहेब येतेत, आकडा काढतेत, पावलं मोजतेत आन् जिथं खुंटी पडंल तिथंच कापायचं. आपण म्हणलो इकडं या, इकडलं बघा, तर चालत न्हाई." मराठवाड्यात पीक विम्यामुळं कापणी प्रयोग गावोगाव माहीत आहे. प्लॉट कुणी पसंत करायचा नसतो, तो यादृच्छिक आकड्यानं पडतो. भारतात शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज असा नमुन्यावरून घ्यायची पद्धत घडवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे हे आपल्या सातारा जिल्ह्यातले बुधचे. मी कॉलेजात तीन वर्षं जे 'रँडम सॅम्पलिंग' म्हणून शिकले, ते मावशींनी बांधावर उभं राहून पाहिलेलं होतं. आणि मी दाराजवळच्या खोक्यातली वरची दहा उचलली होती.

केकच्या काट्याची खात्रीही आधी करून घेतली. तो पिशवीत गुंडाळून एसटीनं लातूरला नेला आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं एक किलोचं प्रमाणित वजन त्यावर पाच वेळा ठेवून पाहिलं. चार वेळा १०००, एकदा १००१. तेवढं पुरेसं होतं.

मोजायला सकाळी सातला बसलो, पंखे बंद करून, फरशीवर काटा समतल ठेवून. मी आकडा वाचायचा, धाकट्या काकूंनी वहीत लिहायचा आणि आईनं पाकीट पुन्हा त्याच जागी ठेवायचं. एकविसावं पाकीट ठेवलं तर आकडा आला ९९३. पाकिटाचे ८.४ गेले की ९८४.६. बाकी सगळी ९९० च्या पुढं होती. काकू म्हणाल्या, "हे फुटकं आसंल. सोडून दे, दुसरं घे."

मोह मलाही झाला. पाकीट उजेडात धरलं, शिवण दाबून पाहिली, पाण्याच्या बादलीत बुडवून पाहिलं. कुठंही बुडबुडा नाही. फुटकं असतं तर काढता आलं असतं. केवळ आकडा आवडला नाही म्हणून काढता येत नव्हतं. ते राहिलं. पुढं मी ते सोडूनही हिशेब करून पाहिला, तेव्हा टी उणे ३.७० आला, म्हणजे निकाल त्या एका पाकिटावर टेकलेला नव्हता. पण वहीतल्या हिशेबात पंचवीसच्या पंचवीस आहेत.

सरासरी ९९६.९२. प्रमाण विचलन ४.२. पंचविसाचं वर्गमूळ पाच, म्हणून प्रमाण त्रुटी, म्हणजे सरासरीचा अपेक्षित चढउतार, ०.८४. सरासरी हजाराहून ३.०८ नं कमी. भागाकार केला: उणे ३.६७. चोवीस डिग्री ऑफ फ्रीडमला तक्ता म्हणतो २.०६४. एक टक्क्याची किंमत २.७९७, आपला टी त्याच्याही पलीकडं. शून्य परिकल्पना नाकारली.

माप खरंच कमी होतं.

मी ते मोठ्यानं वाचलं नाही. आईनंच विचारलं, "कमी हाय ना?" मी मान हलवली. बारा जणी गप्प बसल्या. आमच्या भागात मापात पाप हा फार मोठा शब्द आहे, आणि त्यातल्या एकीच्याही मनात कमी भरायचं नव्हतं हे मला माहीत होतं. म्हणून मी घाईनं सांगितलं की ही चाचणी कुणाच्या मनाबद्दल काही बोलत नाही. एवढंच म्हणते की सरासरी खरोखर १००० असती तर नमुना निव्वळ योगायोगानं इतका दूर जाण्याची शक्यता हजारात एखाद-दुसऱ्या वेळेइतकीच होती. कशामुळं गेला, ते आपल्यालाच शोधायचंय.

शिवाय ९५ टक्क्यांचं विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्यात असावी ती पट्टी, काढलं, ते ९९५.२ ते ९९८.७ असं आलं. १००० त्यात नव्हता, पण दुकानदारांचा ९८८ सुद्धा नव्हता. सर म्हणाले, "त्यांनी तुला सरासरी सांगितली, विचलन सांगितलं नाही. नुसत्या सरासरीला वजन नसतं. पाचही आकडे माग, आणि पाकीट कसं वजा केलं तेही विचार." मी फोन केला. ते माणूस म्हणून सरळ होते. पाच आकडे त्यांनी लिहून ठेवले नव्हते, पण पाकिटाचे अंदाजानं १५ ग्रॅम धरले होते एवढं त्यांना आठवत होतं. १५ च्या जागी ८.४ धरले की त्यांची सरासरी ९९४.६ होते. पाचच पाकिटांची सरासरी इतकी इकडं तिकडं होऊ शकते. म्हणजे आकडा चुकला होता, तक्रार खरी होती. मी त्यांना तसंच सांगितलं आणि एक रिकामं पाकीट टपालानं पाठवते म्हटलं.

कारण सापडलं ते धाकट्या काकूंच्या हाताकडं बघत असताना. दुपारी त्या नेहमीसारख्या भरायला बसल्या. पाकीट काट्यावर ठेवलं, बटण दाबून शून्य केलं. ओगराळ्यानं डाळ ओतली, मग बोटांनी सोडत सोडत. ०.९९० झालं. ०.९९५. चार दाणे, आणखी चार. आकडा १.००० झाला की हात थांबला. मी ते पाकीट उचलून केकच्या काट्यावर ठेवलं. १००६. पाकीट वजा करून ९९७.६.

काटा खोटा नव्हता. तो पाच ग्रॅमचा टप्पा दाखवतो, म्हणजे ९९७.५ पासून १००२.५ पर्यंत सगळ्याला तो १.००० च म्हणतो. वरून कमी करत आलं असतं तर पाकीट १००२ च्या आसपास थांबलं असतं. पण भरणारा हात नेहमी खालून वर येतो, आणि आकडा पलटला की त्याच क्षणी थांबतो. चुकीला ठरलेली दिशा होती, म्हणूनच ती सरासरीत साठली. शिवाय एप्रिलातली दुपार, बायकांच्या अंगावर उभा पंखा, त्याचा झोत काट्याच्या ताटलीवर. आकडा ०.९९५ आणि १.००० मध्ये लपलपायचा, आणि पहिला १.००० दिसला की हात थांबायचा. ९८४.६ चं पाकीट बहुतेक अशाच एका झोतातलं असावं.

मग आईची पाकिटं बरोबर कशी भरली? मी तिला भरायला बसवलं. तिनंही १.००० ला हात थांबवला. मग तीन बोटांची चिमूट भरून वर टाकली आणि पाकीट बाजूला ठेवलं. मी विचारलं, हे काय? तिला ते आपण करतो हेच आठवत नव्हतं. "वर्ताळा," ती म्हणाली. "मापावर वर्ताळा टाकल्याबिगर द्यायचं नस्तंय. आजी तसंच करायची." मी ती चिमूट मोजली. चार ग्रॅम.

माझ्या पहिल्या नमुन्यात त्या चार ग्रॅमनं अख्ख्या लॉटचा दोष झाकला होता.

इथं चाचणी संपली होती. काटा बदलायचा, पंखा हलवायचा, पुढचा लॉट नीट भरायचा. पण आईनं विचारलं, "आन् ह्या चारशेचं काय?" मी कायदा वाचून दाखवला. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांत एका पाकिटाला काही सूट आहे, एक किलोला १५ ग्रॅम. पण लॉटची सरासरी छापलेल्या वजनाच्या खाली जायला नको. आई म्हणाली, "मग सगळीच मोजू. काय लांब गेलेत का?"

संख्याशास्त्र शिकणाऱ्याच्या वाट्याला असं फार क्वचित येतं. समष्टीची सरासरी, ज्याला आम्ही म्यू म्हणतो, ती नेहमी पडद्यामागं असते. तिच्याबद्दल अंदाज बांधायचे, अंतराल काढायचं, पण ती स्वतः कधी दिसत नाही. सगळी पाकिटं मोजता आली असती तर नमुना कशाला घेतला असता? आणि इथं बारा बायका सगळी मोजायला बसल्या होत्या. दोन सकाळी लागल्या. मी प्रत्येक खोक्याची बेरीज समासात लिहीत गेले. शेवटच्या खोक्याची बेरीज करताना माझा हात थरथरत होता.

४०० पाकिटांची निव्वळ बेरीज ३,९८,९६० ग्रॅम. म्यू ९९७.४.

माझं अंतराल ९९५.२ ते ९९८.७ होतं. म्यू त्याच्या आत होती. पंचवीस पाकिटांवरून, खडूच्या आकड्यांवरून, कॅल्क्युलेटरच्या एका बटणावरून काढलेलं. मी ते पान सरांना पाठवलं, तर त्यांनी उत्तर दिलं, "शंभरातून पाच वेळा ती बाहेरही असते. तरी आज आनंद कर."

आईनं वेगळाच हिशेब केला. चार लाख ग्रॅममधून तेवढे वजा केले. १,०४० ग्रॅम. ती म्हणाली, "म्हंजे चारशे पाकिटांत मिळून एक पाकीट कमी." मला हे सुचलं नव्हतं. २.६ ग्रॅम म्हणजे वहीत दशांश चिन्हाच्या अलीकडं-पलीकडचे दोन आकडे होते. तिच्या डोळ्यांपुढं ते कुणाच्या तरी घरचं एक भरलेलं पाकीट होतं, जे आमच्याकडं राहिलं होतं.

२९७ पाकिटं हजाराच्या खाली निघाली. ती फोडून, भरती घालून, नव्या पाकिटांत भरली. पुण्याला गेलेल्या २०० चा हिशेब त्याच सरासरीनं धरला तर अर्ध्या किलोच्या वर जात होता. आईनं पुढच्या मालात एक पाकीट जास्त पाठवलं आणि दुकानदारांना कशाचं ते सांगितलं. ते म्हणाले, पाठवा चारशेही.

जूनमध्ये एक ग्रॅमचा काटा आला. पंखा भरणाऱ्यांच्या पाठीमागं गेला, झोत भिंतीकडं. नव्या लॉटमधून तशीच पंचवीस काढली, कागदावर आधी तारीख टाकून. सरासरी १०००.८, विचलन २.६, टी १.५४. २.०६४ च्या आत. आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मग आता बरोबर हाय?"

या वेळी मी 'सिद्ध झालं' म्हणाले नाही. म्हटलं, "चूक असल्याचा पुरावा सापडला नाही. सरासरी ९९९.७ ते १००१.९ च्या मधे असावी असं वाटतंय. पुढच्या लॉटला पुन्हा मोजू."

तिनं थोडा विचार केला. पुढचं पाकीट काट्यावर ठेवलं, १००० ला हात थांबवला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. मग बोटं डाळीत घातली आणि पूर्वीपेक्षा लहान चिमूट वर टाकली. काट्यावर १००१ आलं.

"एवढं चालंल ना तुझ्या गणितात?" तिनं विचारलं.

मी वहीत लिहून घेतलं: भरणारी आई, वर्ताळा १ ग्रॅम.